वाचकांचे प्रश्न : दोघांनी, सावकाश, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याने

या महिन्याच्या टपालात बेळगाव, चिकोडी, निपाणी, कारवार आणि खानापूर येथून आलेली काही पत्रे एकाच विषयाची आहेत. पती-पत्नी दोघांनीच, घाई न करता, दक्षिण अमेरिकेतील समुद्राकाठच्या गावांतून फिरायचे असेल तर काय करावे, असे या वाचकांनी विचारले आहे. माझे यजमान आणि मी या किनाऱ्यावर मनसोक्त फिरलो असल्यामुळे या वेळचे सदर मी याच पत्रांसाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : आम्ही दोघेही शिक्षकी पेशातून निवृत्त झालो आहोत. मुलांनी आम्हाला दक्षिण अमेरिकेला पाठवायचे ठरवले आहे आणि एका प्रवासी कंपनीकडून पाच देशांचा कार्यक्रमही मागवला आहे. मात्र त्यात दर दोन दिवसांनी विमान आहे. आम्हाला असे धावायचे नाही. समुद्राकाठच्या लहान गावांत राहावे, सकाळी फिरावे, बाजार पाहावा, संध्याकाळी किनाऱ्यावर बसावे, एवढीच आमची इच्छा आहे. कुठे जावे आणि केव्हा जावे? एवढ्या लांब जाऊन पेरूतले माचू पिच्चू हे डोंगरावरचे प्राचीन नगर न पाहता परतलो तर लोक नावे ठेवतील, असे मुलांना वाटते. — एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : या फेरीत माचू पिच्चू पाहू नका. ते ठिकाण कमी मोलाचे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु त्याच्या वाटेवरचे कुस्को शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 3,400 मीटर उंचीवर आहे, आणि किनाऱ्यावरून थेट तिथे पोहोचलेल्या साठीच्या माणसाचे पहिले दोन-तीन दिवस धाप आणि डोकेदुखी यांतच जाण्याचा संभव असतो. ती स्वतंत्र सहल आहे आणि तिची तयारीही स्वतंत्रपणेच करावी लागते. दक्षिण अमेरिका नकाशाच्या एका पानात मावते, म्हणून कार्यक्रम आखणाऱ्यांना ती एका फेरीत बसवण्याचा मोह होतो. पण एकट्या ब्राझीलचा किनारा सुमारे 7,400 किलोमीटर लांबीचा आहे, हे मुलांना आवर्जून सांगा.

माझी शिफारस अशी आहे की आपण एकच पट्टा निवडावा : उरुग्वेतील कोलोनिया देल साक्रामेंतोपासून ब्राझीलमधील पारातीपर्यंतचा. महिनाभराचा वेळ काढावा, मुक्काम पाच-सहाच ठेवावेत आणि शक्य तिथे स्वयंपाकघर असलेले छोटे घर भाड्याने घ्यावे. भारतातून दुबई, दोहा किंवा अदिस अबाबामार्गे साओ पाउलोला जाता येते आणि तिथून उरुग्वेची राजधानी मॉन्टेव्हिडिओ विमानाने साधारण अडीच तासांवर आहे. बेळगावच्या सांबरा विमानतळाहून त्याच दिवशीचे जोडविमान पकडण्याचा हिशेब करू नका. एक रात्र मुंबईत किंवा बंगळुरूत काढा, म्हणजे पुढच्या लांब प्रवासाला शरीर ताजे राहते. भारताची वेळ तिथल्या वेळेच्या साडेआठ तास पुढे असल्याने पहिले चार दिवस कोणताही बेत करू नये, आणि ते दिवस घालवण्यासाठी कोलोनियासारखे गाव नाही.

मॉन्टेव्हिडिओहून बसने अडीच तासांत कोलोनियाला पोहोचता येते. हे गाव पोर्तुगीजांनी 1680 मध्ये वसवले, पुढे शंभर वर्षे त्यासाठी स्पेन आणि पोर्तुगाल भांडत राहिले, आणि आज त्याचा जुना भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथे चालताना पायाखाली लक्ष ठेवा. ज्या गल्लीच्या दोन्ही बाजू मध्याकडे उतरत्या आहेत आणि पाणी वाहून जाण्याची पन्हळ बरोबर मधोमध आहे, ती पोर्तुगीजांची. जिथे पाणी दोन्ही कडांनी जाते आणि बाजूला पदपथ आहे, ती स्पॅनिशांची. जुना भाग लहान आहे आणि तासाभरात पाहून होतो, म्हणून बहुतेक प्रवासी पलीकडच्या तीरावरील अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयर्सहून सकाळच्या बोटीने येतात आणि संध्याकाळच्या बोटीने परततात. तसे करू नका. ती बोट गेल्यावर गाव पुन्हा गावकऱ्यांचे होते, आणि तेव्हाच ते पाहण्यासारखे असते.

मॉन्टेव्हिडिओ ही राजधानी असली तरी तिचा किनारा कोणत्याही लहान गावाइतका निवांत आहे. पाण्याकाठचा फिरण्याचा रस्ता वीस किलोमीटरहून लांब आहे आणि संध्याकाळी सगळे शहर तिथे उतरते. काखेत थर्मास, हातात माते नावाच्या कडू पानांच्या पेयाचे भोपळ्याचे पात्र आणि त्यात धातूची नळी, अशी माणसे कठड्यावर बसलेली असतात. ओळख झाली की पात्र आपल्याकडेही येते. ते घेतल्यावर नळी हलवू नये, सगळे पिऊन संपवावे आणि देणाऱ्याच्या हाती परत द्यावे. आभार मानले तर आपल्याला आणखी नको आहे, असा त्याचा अर्थ घेतला जातो. उष्टे आपल्याकडे जपतात, त्यामुळे अनेकांना संकोच वाटतो. तो वाटला तर हसून, छातीवर हात ठेवून नकार द्यावा. कोणी मनाला लावून घेत नाही.

पुढे रोचा प्रांताच्या किनाऱ्यावर काबो पोलोनिओ आहे, आणि संपूर्ण प्रवासातील दोन रात्री मी डोळे मिटून या वस्तीला देईन. महामार्गावरील थांब्यापासून वस्ती सुमारे सात किलोमीटर आत आहे आणि खासगी गाडी पुढे जाऊ देत नाहीत. मोठ्या चाकांचा उघडा ट्रक वाळूच्या टेकड्यांवरून अर्धा तास डुलत नेतो. पाठीचे दुखणे असेल तर वरच्या मजल्यावर न बसता खालच्या बाकावर, चालकाच्या मागे बसावे. वस्तीत विजेच्या तारा नाहीत. 1881 मध्ये बांधलेल्या दीपगृहाला वीज आहे, बाकी घरे सौरपत्रे, बॅटरी आणि मेणबत्त्यांवर चालतात. दीपगृहाखालच्या खडकांवर समुद्रसिंहांचे कळप लोळत असतात, आणि वारा आपल्याकडे असला की त्यांचा वास आधी येतो व आवाज नंतर. पैसे काढण्याचे यंत्र तिथे नाही. रोकड, विजेरी आणि नेहमीची औषधे बरोबर ठेवावीत.

यानंतरचे चुय हे गाव दिसायला सुंदर नाही. प्रवास-पुस्तिका त्याला दोन ओळींत उरकतात. मला मात्र सीमाभागातील प्रत्येक वाचकाला ते दाखवावेसे वाटते. गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध दुभाजक आहे आणि तोच दोन देशांची हद्द आहे. एका बाजूची दुकाने उरुग्वेची, फलक स्पॅनिश. समोरची ब्राझीलची, फलक पोर्तुगीज. गावकरी दोन्ही भाषांत भाव करतात, दोन्ही चलने घेतात, आणि एका देशातून भाजी व दुसऱ्या देशातून साबण घेऊन घरी जातात. खडेबाजारात मराठी, कन्नड, कोकणी आणि दख्खनी यांतून सहज ये-जा करणाऱ्या आपल्या माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे फलकांच्या भाषेवरून जे जे सोसले गेले आहे ते आठवत मी त्या दुभाजकावरच्या बाकावर बराच वेळ बसले होते, आणि समोरासमोरच्या त्या फलकांचा मला हेवा वाटला.

एक काळजी मात्र तिथे घ्यावीच लागते. रस्ता ओलांडताना कोणी अडवत नाही, पण पासपोर्टवरचे शिक्के गावाबाहेरच्या दोन वेगळ्या चौक्यांवर मिळतात. उरुग्वेतून बाहेर पडल्याचा आणि ब्राझीलमध्ये आल्याचा असे दोन्ही शिक्के बसल्याखेरीज पुढे जाऊ नका. लांबच्या बसचा चालक बहुधा चौकीवर थांबतो. तरीही तिकीट काढतानाच तसे विचारून ठेवा. चुयच्या अलीकडे सांता तेरेसाचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी 1762 मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले आणि पुढच्याच वर्षी तो स्पॅनिशांनी घेतला. बेळगावच्या किल्ल्याजवळ वाढलेल्यांनी त्या तटावरून एक फेरी जरूर मारावी.

ब्राझीलमधील लागुना आणि फ्लोरियानोपोलिस यांविषयी खाली कारवारच्या वाचकांना लिहिले आहे. शेवटचा मुक्काम पारातीला ठेवा. अंतर्भागातील खाणींचे सोने याच बंदरातून बाहेर जात असे; ती वाट बदलली, गाव मागे पडले, आणि त्यामुळेच त्याची पांढरी घरे व रंगीत चौकटी टिकून राहिल्या. 2019 मध्ये पाराती आणि शेजारचे इल्हा ग्रांदे बेट यांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्राचे पाणी खालच्या गल्ल्यांत शिरते आणि घरांची प्रतिबिंबे रस्त्यावर उतरतात. मुक्कामाचे दिवस ठरवताना पंचांग पाहिले तर हे दृश्य हमखास साधते. जुन्या भागात गाड्या येत नाहीत, पण तिथली फरसबंदी मोठ्या, वेड्यावाकड्या दगडांची आहे. चांगली पकड असलेले बूट नसतील तर गुडघे आणि घोटे दोन्ही दुखावतील, हे मी काळजीपोटी सांगत आहे.

वेळ मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतची निवडा. त्या गोलार्धात डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा असतो आणि जानेवारीत हा सगळा किनारा गर्दीने व महागाईने भरून जातो; मार्चमध्ये शाळा सुरू होतात, पाणी अजून उबदार असते आणि घरांची भाडी उतरतात. फक्त ईस्टरच्या आधीचा आठवडा टाळा. त्या आठवड्यात उरुग्वेतील सगळी कुटुंबे सहलीला निघतात आणि ब्राझीलमध्येही सुट्ट्या असतात. उरुग्वे या खंडातील महागड्या देशांपैकी आहे, म्हणून मुलांनी दिलेल्या रकमेचा मोठा भाग पहिल्या पंधरवड्यासाठी राखावा. ब्राझीलचा व्हिसा भारतातूनच काढावा लागतो. उरुग्वेच्या अटी त्यांच्या दिल्लीतील दूतावासाकडून लेखी मागवा, कारण अशा अटी बदलत असतात आणि परिचितांच्या जुन्या अनुभवावर विसंबता येत नाही.

प्रश्न : माझे वय 66 आहे. ब्राझीलला जाण्यासाठी पीतज्वराची लस लागते असे समजले. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात की या वयात ती विचार करूनच घ्यावी. मग आम्ही जायचेच नाही का? — एक वाचक, चिकोडी

उत्तर : आपले डॉक्टर योग्य तेच सांगत आहेत, आणि हा मुद्दा तिकिटे काढण्याआधी सुटला पाहिजे. पीतज्वर म्हणजेच यलो फीव्हर हा डासांमुळे पसरणारा विषाणूजन्य आजार आहे. भारतात तो नाही, पण तो पसरवू शकणारे डास येथे भरपूर आहेत. म्हणून ज्या देशांत हा आजार आढळतो तिथून येणाऱ्या प्रत्येकाकडे आपले सरकार लस घेतल्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मागते. त्या यादीत ब्राझील, कोलंबिया, पेरू, इक्वेडोर आणि अर्जेंटिना आहेत. उरुग्वे आणि चिली नाहीत. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते.

ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. बहुतेकांना तिचा त्रास होत नाही. मात्र साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका, तो विरळा असला तरी, तरुणांपेक्षा जास्त असतो. ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी दबलेली आहे, ज्यांना थायमस ग्रंथीचा विकार आहे किंवा ज्यांना अंड्याची तीव्र अॅलर्जी आहे, त्यांना ती सहसा देत नाहीत. त्यामुळे आपली सगळी औषधे, विशेषतः स्टेरॉईड चालू असल्यास ते, डॉक्टरांना दाखवूनच निर्णय घ्यावा. लस फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते. त्यांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालते. तेव्हा प्रवासाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

डॉक्टरांनी नको म्हटले तर त्यांच्याशी वाद घालू नका. उरुग्वेचा किनारा आणि चिलीचा किनारा यांवर निवांत महिना काढता येतो. चिलीत वाल्पाराइसो आहे. राजधानी सान्तियागोहून बसने ते दोन तासांच्या आत येते. बंदरावरच्या उभ्या टेकड्या, त्यांवर पत्र्याची रंगीबेरंगी घरे, आणि खालून वर नेणाऱ्या रुळांवरच्या जुन्या पेट्या. त्यांतील पहिली 1883 मध्ये सुरू झाली. 1914 मध्ये पनामा कालवा खुला होईपर्यंत पॅसिफिककडे जाणारी असंख्य जहाजे याच बंदरात थांबत असत, आणि त्या वैभवाच्या खुणा आजही जागोजागी दिसतात. पायऱ्या फार आहेत, म्हणून घर वरच्या टेकडीवर आणि अशा पेटीच्या थांब्याजवळ घ्यावे. विमान मात्र ब्राझीलमध्ये बदलावे लागणार नाही असे पाहून तिकीट काढा, आणि युरोपमार्गे जाणार असाल तर तिथे विमान बदलण्यासाठी वेगळा व्हिसा लागतो का, हे विचारून घ्या.

प्रश्न : आम्ही दोघे वारकरी. मांस, मासे, अंडे काहीच चालत नाही आणि एकादशीचा उपास मी कधी मोडलेला नाही. समुद्राकाठच्या गावांत आमची उपासमार होईल, असे जाऊबाई म्हणतात. — एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, आपल्या एकादशीच्या ताटाकडे एकदा वेगळ्या नजरेने पाहा. बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि ज्या कंदाच्या पिठापासून साबुदाणा होतो तो कंद, हे सगळे मुळात अमेरिका खंडांतून आलेले आहे. आपल्या निपाणीचा तंबाखूही तिकडचाच. तेव्हा उपासाच्या दिवशी आपण उपाशी राहणार नाही, हे मी खात्रीने सांगते. ब्राझीलमध्ये त्याच कंदाचे ओलसर पीठ चाळणीने तापलेल्या तव्यावर पसरतात; तेल नाही, पाणी नाही, मिनिटभरात ते आपोआप एकमेकांना धरते आणि पांढरीशुभ्र घडी तयार होते. तिला तापियोका म्हणतात. आत खवलेला नारळ घालून मागावी. तवा मात्र सगळ्यांचा एकच असतो, हे ध्यानात असू द्या. ते चालत नसेल तर पीठ दुकानात मिळते आणि घरच्या तव्यावरही जमते.

इतर दिवशी अडचण वेगळी आहे. नुसते मांस नको असे सांगून तिथे भागत नाही, कारण कोंबडी, मासा आणि हॅम यांना बरेच लोक त्या शब्दात धरत नाहीत. म्हणून एका कागदावर स्पॅनिशमध्ये आणि एकावर पोर्तुगीजमध्ये हे सगळे पदार्थ नावानिशी लिहून घ्या आणि वाढणाऱ्यासमोर तो कागद ठेवा. ब्राझीलचा भात आणि काळ्या घेवड्याची उसळ रोज मिळते, पण उसळीत पुष्कळदा डुकराचे मांस शिजवलेले असते. ते विचारल्याशिवाय खाऊ नये. चीजचे छोटे गोल पाव सगळीकडे दिसतील, त्यांत बहुधा अंडे असते. त्यापेक्षा वजनावर जेवण देणाऱ्या खानावळी आपल्यासाठी उत्तम. तिथे पदार्थ मांडून ठेवलेले असतात, आपण हवे ते ताटात घ्यायचे आणि ताट तोलून पैसे द्यायचे; भात, पालेभाज्या, बीट, भोपळा, तळलेली केळी असे पुरेसे मिळते. उरुग्वेत हरभऱ्याचे पीठ, पाणी, तेल आणि मीठ एवढ्यावरच भट्टीत भाजलेली फाइना मिळते, आणि वरून मिरपूड घातली की ती आपल्या जिभेला लगेच रुचते. बरोबर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लहान कुकर न्या. तांदूळ आणि मसूर तिथल्या दुकानांत मिळतात.

प्रश्न : आमचे घराणे मासेमारीचे. यजमानांची बोट आहे. तिकडचे मच्छीमार कसे राहतात ते आम्हाला बघायचे आहे, नुसते हॉटेल आणि समुद्र नको. पॅसिफिकचे पाणी फार थंड असते असे ऐकले, ते खरे का? — एक वाचक भगिनी, कारवार

उत्तर : असे पत्र आले की सदर लिहिण्याचे सार्थक वाटते. ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यातील लागुना या गावी आपण दोघांनी जावेच. तिथे खाडीच्या मुखाशी मच्छीमार कमरेएवढ्या पाण्यात रांगेने उभे राहतात, प्रत्येकाच्या खांद्यावर पाग, म्हणजे फेकायचे जाळे, तयार असतो, आणि कोणीही तो टाकत नाही. सगळे वाट पाहतात ती डॉल्फिनची. डॉल्फिन बोय जातीच्या माशांचा थवा किनाऱ्याकडे रेटत आणतात आणि ठरावीक रीतीने पाठीची कमान करून बुडी मारतात. त्याच क्षणी पाग पडतात. विस्कटलेल्या थव्यातले मासे डॉल्फिनच्या तोंडी लागतात आणि जाळ्यातले माणसांच्या. शंभराहून अधिक वर्षे हे चालू आहे, डॉल्फिनच्या माद्या पिल्लांना आणि मच्छीमार मुलांना ते शिकवत आले आहेत. सगळेच डॉल्फिन या कामात भाग घेत नाहीत; जे घेतात त्यांना मच्छीमार एकेकाच्या पाठीवरच्या पंखावरून ओळखतात आणि नावाने हाक मारतात. काळी नदीच्या मुखाशी डॉल्फिन पाहणे आपल्याला नवे नाही, म्हणूनच हे दृश्य आपल्याला इतरांपेक्षा अधिक कळेल. माझे यजमान दोन तास वाळूवर उभे होते आणि त्यांनी बसायचे नाव घेतले नाही.

तिथून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर फ्लोरियानोपोलिसचे बेट आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास अॅझोर्स बेटांवरून आलेल्या कुटुंबांनी तिथली मच्छीमार गावे वसवली. मे महिन्यात बोयांचा हंगाम सुरू झाला की टेहळ्या टेकडीवर बसतो, थव्याची सावली दिसताच खूण करतो, होडी जाळे टाकत अर्धवर्तुळ घेते आणि किनाऱ्यावरचे सगळे मिळून दोर ओढतात. ही आपली रापणच आहे. ओढायला हात लावणाऱ्याला वाटा मिळण्याची चालही तिथे आहे, तेव्हा यजमानांना दोराला हात लावू द्या. आपल्यासाठी वेळ म्हणून मे-जूनची सांगेन. स्वेटर लागेल, आणि समुद्रात पोहणे होणार नाही.

पॅसिफिकविषयी आपण ऐकले ते खरे आहे. दक्षिणेकडून किनाऱ्यालगत वाहणारा हम्बोल्ट प्रवाह आणि खोलातून वर येणारे पाणी यांमुळे चिली आणि पेरूचा समुद्र ऐन उन्हाळ्यातही थंड असतो. पेरूची राजधानी लिमा विषुववृत्ताच्या दक्षिणेस साधारण तेवढेच दूर आहे जेवढे मंगळुरू उत्तरेस. तरीही मंगळुरूत पाऊस कोसळतो आणि लिमात महिनोन्महिने नुसते धुके असते, कारण थंड पाण्यावरची हवा वर चढत नाही आणि पूर्वेकडची ओल अँडीज पर्वत अडवतो. तेच थंड पाणी तळातील पोषक द्रव्ये वर आणते, आणि त्यामुळे पेरूचा समुद्र जगातील सर्वांत समृद्ध मत्स्यक्षेत्रांपैकी एक आहे. पुढेमागे पेरूला गेलात तर त्रुहियोजवळच्या वांचाकोला थांबा. तिथे आजही काही मच्छीमार तोतोरा नावाच्या लव्हाळ्याच्या जुड्या बांधून केलेल्या निमुळत्या होड्यांवर बसून, चिरलेल्या बांबूच्या वल्ह्याने लाटा फोडून आत जातात. होडी पाणी पिते, म्हणून परत आल्यावर ती वाळूत उभी करून निथळत ठेवतात, आणि एवढे करूनही काही आठवड्यांत ती निकामी होऊन नवी बांधावी लागते. अशाच होड्या प्राचीन मोचे लोकांच्या मडक्यांवर दाखवलेल्या आहेत. जवळच चान चान या चिमू लोकांच्या मातीच्या विटांच्या राजधानीच्या भिंतींवर मासे, समुद्रपक्षी आणि जाळ्यांची नक्षी आहे.

प्रश्न : आम्हाला दोघांना इक्वेडोरच्या किनाऱ्यावर देवमासे बघायला जायचे आहे. सुरक्षित आहे का? — एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : सध्या जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. जानेवारी 2024 मध्ये त्या देशाच्या अध्यक्षांनी टोळ्यांविरुद्ध अंतर्गत सशस्त्र संघर्ष जाहीर केला, आणि त्याची सर्वाधिक झळ किनारी प्रांतांनाच बसली आहे. देवमाशांसाठी ब्राझीलमधील इंबितुबा आणि गारोपाबा ही लागुनाजवळची गावे पाहा. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात राइट व्हेल जातीचे देवमासे पिल्लांसह किनाऱ्याच्या इतके जवळ येतात की टेकडीवर बसूनही ते दिसतात.

प्रश्न : आमची काजूची बाग आहे. काजू मूळचा ब्राझीलचा, असे कृषी मेळाव्यात ऐकले. ते गाव बघता येईल का? — एक वाचक, खानापूर

उत्तर : काजू मूळचा ईशान्य ब्राझीलच्या किनाऱ्याचा, हे बरोबर आहे. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात गोव्यात आणला आणि तिथून तो चोर्ला घाट चढून आपल्याकडे पसरला. त्याचे एकच गाव दाखवता येणार नाही. परंतु नाताल शहराच्या दक्षिणेस समुद्राकाठी पिरांजी नावाची वस्ती आहे आणि तिथे काजूचे एकच झाड सुमारे आठ हजार चौरस मीटर, म्हणजे जवळपास दोन एकर जागा व्यापून आहे. त्याच्या फांद्या आडव्या वाढत जातात, स्वतःच्या भाराने जमिनीला टेकतात, टेकल्या जागी मुळे धरतात आणि पुन्हा पुढे वाढतात. आत लाकडी पायवाट आहे. बागाईतदाराने तिथे घाई करू नये. मूळ खोड कोणते आणि नंतर रुजलेल्या फांद्या कोणत्या, हे शोधण्यातच सकाळ निघून जाते. आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे बी घेतली की बोंडे बहुधा झाडाखालीच कुजतात. तिथे बोंडाचा ताजा रस प्रत्येक खानावळीत मिळतो आणि गाळलेला, मद्य नसलेला रस बाटल्यांत भरून, तापवून विकतात. तो व्यवहार बाजारात उभे राहून नीट विचारून घ्या.

नाताल वर सांगितलेल्या दक्षिणेकडील पट्ट्यापासून फार दूर आहे. साओ पाउलोहून विमानालाच साडेतीन तासांच्या आसपास लागतात. म्हणून दोन्ही एकत्र करू नका. फळांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते जानेवारीचा आणि पाऊस मुख्यतः एप्रिल ते जुलैचा असल्यामुळे नोव्हेंबरअखेर निघावे, म्हणजे आपल्या बागेचा मोहोर धरेपर्यंत परतही येता येईल.